औषध मिळते, पण घास मिळतो का?



पांढुर्णा-सौंसर भागात क्षयरोगाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. तरी काही बायांचा उपचार मध्येच सुटतो. त्याचे एक कारण घरच्या चुलीपाशी असते. कापूस वेचायला किंवा संत्रा तोडायला जाणारी बाई सर्वांना वाढून शेवटी जेवते; भाकर कमी पडली तर तिलाच कमी पडते. उपाशीपोटी गोळ्या घेतल्या की मळमळते, म्हणून ती गोळ्या टाळते. दवाखान्यात गेले तर मजुरी बुडते आणि त्या दिवसाचा किराणाही.

झारखंडमधील अभ्यासात, रुग्णाच्या घरच्यांना जादा धान्य-डाळ दिल्यावर त्या घरांत नवे क्षयरुग्ण सुमारे ४० टक्के कमी आढळले. हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये बँक खात्यात मिळतात; नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० मिळत. त्यासाठी खात्याची नोंद दवाखान्यात करावी. २०२२ पासून कोणतीही व्यक्ती वा संस्था 'निक्षय मित्र' होऊन रुग्णाच्या संमतीने पोषण आहार देऊ शकते. आपल्या मंडळांनीही हे काम हाती घ्यावे.

घरात कोणी औषध घेत असेल, तर आधी तिचे ताट वाढा.