तीरकामठा, रँच आणि कायदा

तीरकामठा : सातपुड्यातील भिल्लांचे पारंपरिक धनुष्य. दांडा बांबूचा आणि दोरीही बहुधा बांबूच्याच सालीची, हे त्याचे खास वैशिष्ट्य. बाणाच्या टोकाला लोखंडी पाते.

कंपाउंड धनुष्य : दोन्ही टोकांना चाके. दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार बराच कमी होतो. अमेरिकी पेटंट १९६९चे.

रँचवरची शिकार : अमेरिकेतील टेक्सासात खासगी जमिनीवर, अशा धनुष्यानेही, पैसे भरून, वाटाड्यासोबत. लक्ष्य परदेशी मेंढे : उत्तर आफ्रिकेतील आउदाद, मूफ्लॉन. आपले काळवीटही तिथे १९३२पासून आहे. परदेशी प्राण्यांसाठी तिथे बंद हंगाम नाही. परवाना मात्र लागतो.

भारतात : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. परवान्यावरची शिकारही १९९१च्या दुरुस्तीने संपली. मारण्याचा प्रयत्न, सापळा लावणे, विष घालणे, शिकारीसाठी हाका घालणे, हे सारे ‘शिकार’च. अनुसूची १मधील प्राण्यासाठी ३ ते ७ वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड (१ एप्रिल २०२३पासून). काळवीट याच अनुसूचीत.

वनहक्क कायदा, २००६ : नंदुरबारच्या भिल्लांसह देशभरातील आदिवासींना कसती वनजमीन, गौण वनोपज, चराई, मासे यांवर हक्क. शिकारीचा पारंपरिक हक्क मात्र कायद्याने स्पष्टपणे वगळला आहे.