बोटीची लाल दोरी आणि संशोधनातला ‘कंट्रोल’



प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्रात पीएचडी करायचं ठरवलं असेल, तर आपल्या संभाजीनगरच्या विद्यार्थ्याला एक ना एक दिवस नाथसागरावर जावं लागतंच. जायकवाडी धरणाचा हा जलाशय साधारण ५५ किलोमीटर लांब आणि रुंदीला २७ किलोमीटरपर्यंत आहे. १९८६ पासून तो पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळे वनविभागाची परवानगी आधी काढावी लागते. परवानगी, सॅम्पलच्या बाटल्या, सेकी डिस्क, प्लँक्टनची जाळी अशी यादी आपण सगळेच करतो. इंजिनाची बोट असेल तर त्या यादीत एक गोष्ट बहुतेकांकडून राहून जाते. ती म्हणजे इंजिनाला लटकणारी, स्प्रिंगसारखी गुंडाळलेली लाल दोरी. तिला ‘किल कॉर्ड’ म्हणतात.

माझ्याकडूनही ती राहिली होती. पहिल्या वर्षी आम्ही एक फायबरची बोट भाड्याने घेतली होती. मागे पेट्रोलवर चालणारं ओबीएम, म्हणजे बोटीच्या पाठीला बाहेरून लावायचं इंजिन. बोटवाले काका अनुभवी होते. दोरी होती, पण इंजिनाच्या हँडललाच गाठ मारून बांधलेली. आणखी एक गोष्ट मी पाहिली होती: इंजिन बंद करायला काका लाल बटण दाबायचे नाहीत, चोक ओढायचे. मला वाटलं, असेल त्यांची सवय. वहीत लिहिलं नाही.

तिसऱ्या फेरीला सहज म्हणून काठावरच विचारलं, “काका, ही दोरी ओढून बघू का?” ते हसले. मी ओढली. क्लिप हातात आली आणि इंजिन तसंच चालू राहिलं.

“अहो ताई, पावसाळ्यात इंजिन सारखं बंद पडायचं, म्हणून मिस्त्रीनं ती वायरच काढून टाकली.”

म्हणजे दोन फेऱ्या आम्ही अशा बोटीतून केल्या, जिच्यावरची दोरी फक्त दिसायला होती.

दोरी नक्की करते काय?

दोरीचं एक टोक बोट चालवणाऱ्याच्या अंगाला आणि दुसऱ्या टोकाची क्लिप इंजिनाच्या स्विचला. चालवणारा पाण्यात पडला की क्लिप निघते आणि इंजिन बंद होतं. एवढंच. पण हे का लागतं ते जरा आकड्यांत बघू.

हँडल सोडल्यावर बोट सरळ जाईल असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. पंख्याच्या फिरण्याचा जोर इंजिनाला एका बाजूला वळवतो आणि बोट गोल गोल फिरू लागते. समजा वेग ताशी २५ किलोमीटर आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटर. वर्तुळाची त्रिज्या १० मीटर धरली तर परीघ सुमारे ६३ मीटर. म्हणजे साधारण ९ सेकंदांत बोट पुन्हा त्याच जागी, पडलेल्या माणसाच्या अंगावर. लाइफ जॅकेट घालून ९ सेकंदांत कुणी फार लांब जाऊ शकत नाही. आता पंखा बघा. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल आणि गिअर २:१ असेल, तर पंखा मिनिटाला १५०० वेळा फिरतो. तीन पात्यांचा पंखा असेल तर एका सेकंदात एकाच जागेवरून ७५ वेळा पातं जातं.

५ मे २०१३ रोजी इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये पॅडस्टोजवळ हेच घडलं. एका कुटुंबातले सहाही जण स्पीडबोटीतून बाहेर फेकले गेले. दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला लावलेली नव्हती. बोट फिरत राहिली, दोघांचा जीव गेला आणि इतर जखमी झाले. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांपेक्षा लहान बहुतेक मोटारबोटी वेगात चालवताना ही जोडणी वापरणं कायद्याने बंधनकारक आहे.

स्विच बिघडतो, पण बोलत नाही

आता संशोधनाच्या विद्यार्थ्याने नीट वाचावं असा भाग.

बऱ्याच पेट्रोल ओबीएममध्ये क्लिप लावलेली असते तेव्हा स्विच उघडा असतो. क्लिप निघाली की आतली स्प्रिंग दांडी ढकलते, स्विच जोडला जातो, इग्निशनचा प्रवाह इंजिनाच्या धातूत उतरतो आणि ठिणगी पडणं थांबतं. म्हणजे इंजिन बंद व्हायला वायर शाबूत लागते.

यातून दोन प्रकारचे बिघाड होतात. पाणी शिरून स्विच आतल्या आत जोडला गेला, तर इंजिन सुरूच होत नाही. हा बिघाड लगेच कळतो, माणूस वैतागतो आणि मिस्त्रीकडे जातो. वायर तुटली, गंजली किंवा कुणी काढून टाकली, तर इंजिन झकास चालतं. रोज चालतं. ज्या दिवशी ते थांबायला हवं, त्या दिवशीच कळतं की ते थांबत नाही. काकांच्या बोटीत पहिल्या बिघाडावर उपाय म्हणून दुसरा बिघाड तयार केला गेला होता.

प्रयोगशाळेत आपण हेच शिकतो ना? फॉस्फेटची चाचणी केली आणि रंग आला नाही. मग पाण्यात फॉस्फेट नाही की रसायन खराब झालंय? माहीत असलेल्या तीव्रतेचं द्रावण शेजारी चालवल्याशिवाय ते सांगता येत नाही. यालाच आपण ‘पॉझिटिव्ह कंट्रोल’ म्हणतो. दोरी ओढून इंजिन बंद करणं हा बोटीचा पॉझिटिव्ह कंट्रोल आहे. “आजवर काही झालं नाही” हा पुरावा नव्हे, कारण आजवर कुणी पडलंच नव्हतं.

रोज सकाळी काय करायचं?

काठाजवळ, इंजिन न्यूट्रलमध्ये, सगळे बसलेले असताना इंजिन सुरू करा आणि दोरी ओढा. इंजिन लगेच बंद झालं पाहिजे. मग क्लिप न लावता सुरू करून बघा. ते सुरू राहता कामा नये. दोन्हींची नोंद तारीख आणि वेळेसह फिल्डबुकात करा. चाचणी फसली तर त्या दिवशी सॅम्पलिंग नाही. गाईड ओरडले तर ओरडू देत.

दोरी बांधायची ती मांडीभोवती किंवा लाइफ जॅकेटच्या मजबूत पट्ट्याला. सैल शर्टाला किंवा बटणाला नको. स्टिअरिंगभोवती किंवा हँडलमध्ये ती अडकत नाही ना, ते बघा. लांबी वाढवायला सुतळी किंवा बुटाची नाडी जोडू नका. दोरी लांब झाली की क्लिप निघायच्या आत माणूस पंख्यापाशी पोचलेला असतो. चालवणारा बदलायचा असेल तर आधी इंजिन बंद, मग दोरीची अदलाबदल.

एक जादा दोरी बोटीतल्या दुसऱ्या माणसाकडे हवीच. चालवणारा दोरीसकट पाण्यात गेला तर त्याला आणायला इंजिन सुरू कशाने करणार?

देखभाल

आपल्याकडे या दोरीचा मोठा शत्रू ऊन आहे. उन्हाने प्लास्टिक कडक होतं, क्लिपला बारीक तडे जातात, वेटोळी ओढल्यावर परत मिटत नाहीत. काम संपलं की दोरी काढून सावलीत ठेवा. गाळ बसला असेल तर साध्या पाण्याने धुवा, विशेषतः क्लिप आणि हुक. हुकाची स्प्रिंग गंजली असेल, क्लिप सैल बसत असेल किंवा दोरीतला आतला धागा दिसत असेल, तर दुरुस्ती नको, नवीन घ्या, आणि त्याच इंजिनाच्या मापाची घ्या. वर्षातून एकदा सर्व्हिसिंगच्या वेळी स्विचची वायर आणि जोड तपासायला सांगा.

दोरी काय करत नाही?

ती फक्त चालवणाऱ्याच्या पडण्यावर काम करते. पुढे सेकी डिस्क धरून वाकलेले तुम्ही पडलात, तर चालवणाऱ्यालाच इंजिन थांबवावं लागेल. म्हणून डिस्क, जाळी किंवा कुठलीही दोरी पाण्यात सोडण्याआधी इंजिन पूर्ण बंद. वाऱ्यापुढेही या दोरीचा उपयोग नाही. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जण गेले. तिथे इलाज दोनच, लाइफ जॅकेट आणि वारा बघून काठावर थांबण्याची हिंमत. नाथसागरासारख्या मोठ्या उघड्या पाण्यावर दुपारचा वारा कमी लेखू नका.

काकांनी पुढच्या आठवड्यात वायर जोडून घेतली, स्विच बदलला. आता मी पोचायच्या आधीच ते दोरी ओढून दाखवतात आणि म्हणतात, “लिहा ताई, बंद झालं.” माझ्या फिल्डबुकात दर फेरीची पहिली ओळ तीच असते, पाण्याचं तापमान त्यानंतर.

तुम्हाला मात्र एकच सांगते. काका चोकने इंजिन बंद करतात हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. विचित्र वाटलेली गोष्ट तेव्हाच लिहून ठेवा आणि तेव्हाच विचारा. संशोधनाची सुरुवात तिथूनच होते, आणि आमच्या बाबतीत दोन फेऱ्या केवळ नशिबाने सुखरूप पार पडल्या.

फिल्डवर्कसाठी शुभेच्छा!