आरंभक पेनड्राइव्ह

लॅपटॉप वा अन्य वैयक्तिक संगणक त्यातील हार्ड डिस्कच्या साहाय्याविना सुरू करता यावा आणि त्यावर परिचालन प्रणाली म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम स्थापित करता यावी, अशा रीतीने सिद्ध केलेला पेनड्राइव्ह. व्यवहारात त्यास ‘बूटेबल पेनड्राइव्ह’ म्हणतात. परिचालन प्रणालीच्या फाइली पेनड्राइव्हवर नुसत्या उतरवून घेतल्याने तो आरंभक बनतोच असे नाही. त्यांपैकी प्रथम कोणती आज्ञावली स्मृतीत आणून चालवावयाची, हे संगणकास उमगेल अशी मांडणी त्यावर असावी लागते. नव्या लॅपटॉपवर प्रणाली घालणे, बिघडलेली प्रणाली दुरुस्त करणे, बंद पडलेल्या लॅपटॉपमधील कागदपत्रे व छायाचित्रे सोडवून घेणे इ. कामांसाठी त्याचा उपयोग होतो.

तत्त्व : संगणकाचा प्रक्रियक केवळ मुख्य स्मृतीत आलेल्या वा कायम स्वरूपात नोंदलेल्या आज्ञाच पार पाडू शकतो. संगणक बंद होताच मुख्य स्मृती कोरी होते. त्यामुळे परिचालन प्रणाली स्मृतीत आणण्यासाठी एक आज्ञावली हवी व ती आज्ञावली आणण्यासाठी पुन्हा दुसरी हवी, असा पेच प्रत्येक वेळी उद्भवतो. स्वतःच्याच बुटाचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलणे, अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्प्रचारावरून या पेचातून सुटण्याच्या क्रियेस ‘बूटस्ट्रॅप’ व पुढे संक्षेपाने ‘बूट’ हे नाव पडले. १९७५ मध्ये विक्रीस आलेल्या आल्टेअर ८८०० या संगणकात प्रारंभीची छोटी आज्ञावली दर्शनी फळीवरील स्विच वरखाली करून हातानेच भरावी लागे. पुढे ही आज्ञावली संगणकातील एका चिपमध्ये कायमची नोंदवून ठेवण्याची पद्धत रूढ झाली.

इतिहास : १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसी या संगणकातील अशा कायम आज्ञावलीस ‘बायॉस’ म्हणत. बायॉस फ्लॉपीवरील पहिला ५१२ बाइटांचा खंड स्मृतीत आणून त्यातील आज्ञा चालवीत असे. हार्ड डिस्कवरील या पहिल्या खंडात ४४६ बाइट आज्ञांसाठी, ६४ बाइट डिस्कच्या चार विभागांच्या नोंदीसाठी व अखेरचे २ बाइट ओळखचिन्हासाठी अशी वाटणी असते. १९९५ मध्ये सीडीवरून संगणक सुरू करण्याचे ‘एल टोरिटो’ हे प्रमाण ठरले. १९९६ मध्ये यूएसबी जोडणीचे पहिले प्रमाण प्रसिद्ध झाले. ते सिद्ध करणाऱ्यांत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर अजय भट्ट हे प्रमुख होते. पेनड्राइव्हचा आधार असलेली फ्लॅश स्मृती जपानमधील तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० नंतरच्या दशकात विकसित केली. २००० मध्ये बाजारात आलेल्या पेनड्राइव्हची धारणक्षमता अवघी ८ एमबी होती व तीत विंडोजसारखी मोठी परिचालन प्रणाली मावणे शक्य नव्हते. क्षमता वाढत गेली, यूएसबीवरून आरंभ करण्याची सोय बायॉसमध्ये आली आणि लॅपटॉपमधून सीडीचे साधन हळूहळू लोप पावले. तेव्हा पेनड्राइव्ह हेच स्थापनेचे मुख्य साधन ठरले.

बायॉसची जागा पुढे ‘यूईएफआय’ या पद्धतीने घेतली. या पद्धतीचे प्रमाण ठरविणारा उद्योगमंच २००५ मध्ये स्थापन झाला. यूईएफआय केवळ पहिल्या खंडावर विसंबत नाही. तीस ‘फॅट’ पद्धतीची फाइलरचना वाचता येते. पेनड्राइव्हवरील ‘ईएफआय’ या फोल्डरातील ‘बूट’ या उपफोल्डरात ठराविक नावाची आरंभक फाइल आढळली की, ती चालविली जाते. म्हणूनच आधुनिक लॅपटॉपसाठी फाइली योग्य जागी ठेवणे हे बऱ्याच अंशी पुरेसे असते.

कृती : (१) पूर्वतयारी : विंडोजसाठी किमान ८ जीबी क्षमतेचा पेनड्राइव्ह लागतो. त्यावरील सर्व मजकूर या क्रियेत पुसला जातो. म्हणून तो अगोदर अन्यत्र उतरवून ठेवणे अगत्याचे असते. नाममात्र मोठी क्षमता दाखविणारे बनावट पेनड्राइव्हही विकले जातात. त्यांवर लिहिलेल्या फाइली अपुऱ्या वा सदोष राहतात.

(२) प्रतिमा-फाइल मिळविणे व पडताळणे : परिचालन प्रणाली ‘आयएसओ’ या नावाच्या एकाच मोठ्या फाइलीत बांधलेली मिळते. ती मूळ निर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी. फाइलीसोबत बहुधा ‘एसएचए-२५६’ या रीतीने काढलेला षोडशमान पद्धतीतील ६४ अंकांचा पडताळा दिलेला असतो. उतरविलेल्या फाइलीवरून तोच पडताळा पुन्हा काढून दोन्ही ताडून पाहतात. फाइलीत एका बिटाचा फरक असला, तरी पडताळा जुळत नाही. ही दक्षता निरर्थक नाही, हे फेब्रुवारी २०१६ मध्ये दिसून आले. लिनक्स मिंट या प्रणालीच्या संकेतस्थळात घुसखोरांनी शिरकाव करून चोरवाट ठेवलेली बनावट प्रतिमा-फाइल लोकांच्या हाती पडेल अशी व्यवस्था केली होती. अशी प्रणाली स्थापित झाल्यास लॅपटॉप पहिल्या दिवसापासूनच परक्याच्या ताब्यात जातो. तथापि संकेतस्थळच घुसखोरांच्या हाती असेल, तर तेथील पडताळाही बदलला जाऊ शकतो. म्हणून निर्मात्याच्या अंकीय स्वाक्षरीची तपासणी अधिक विश्वसनीय होय.

(३) लेखन : याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत प्रतिमा-फाइल पेनड्राइव्हवर बाइटामागून बाइट जशीच्या तशी उतरवितात. लिनक्सच्या बहुतेक प्रतिमा-फाइली सीडी व पेनड्राइव्ह या दोहोंस चालतील अशा संमिश्र रचनेच्या असल्याने त्यांना ही रीत लागू पडते. लिनक्समधील ‘डीडी’ ही आज्ञा हेच काम करते. मात्र ती कोणतीही विचारपूस न करता लिहू लागते; पेनड्राइव्हऐवजी चुकून हार्ड डिस्कचे नाव दिले गेल्यास त्यावरील मजकुराचा नाश होतो. त्यामुळे साधनाचे नाव व क्षमता दोनदा पाहूनच आज्ञा द्यावी. दुसऱ्या रीतीत पेनड्राइव्हवर नवी फाइलरचना घालून तीत फाइली मांडतात. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचे ‘मीडिया क्रिएशन टूल’ अथवा ‘रुफस’ यांसारखी साधने हे काम करतात. फॅट-३२ रचनेत ४ जीबी वा त्याहून मोठी फाइल ठेवता येत नाही, तर विंडोजची मुख्य फाइल अनेकदा त्याहून मोठी असते. अशा वेळी ती फाइल तोडून ठेवतात किंवा एनटीएफएस रचना वापरून तिच्या जोडीला आरंभासाठी छोटा फॅट विभाग देतात.

लेखन पूर्ण झाल्यावर पेनड्राइव्ह एकदम उपसू नये. काही मजकूर अद्याप मुख्य स्मृतीत वाट पाहत असतो. सुरक्षितपणे काढण्याची आज्ञा दिल्यावरच तो पूर्णपणे लिहिला जातो. पहिल्या रीतीने तयार केलेला पेनड्राइव्ह विंडोजला परका वाटतो व तो ‘फॉरमॅट’ करण्याविषयी ती सुचविते. हा बिघाड नव्हे. काम झाल्यावर नव्याने विभागणी केली की, पेनड्राइव्ह पूर्ववत होतो.

(४) आरंभ व स्थापना : पेनड्राइव्ह जोडून लॅपटॉप सुरू करताच ठराविक कळ दाबली असता आरंभसाधनांची यादी दिसते. ही कळ निर्मात्यागणिक एफ-१२, एफ-९, एस्केप अशी वेगवेगळी असते. ‘सिक्युअर बूट’ ही सोय चालू असल्यास मान्य स्वाक्षरी नसलेली आरंभक आज्ञावली नाकारली जाते. उबुंटू, फेडोरा इ. प्रणालींजवळ अशी स्वाक्षरी असते. लिनक्सच्या अनेक प्रणाली स्थापनेपूर्वी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतात. या अवस्थेत हार्ड डिस्कला धक्का न लावता वाय-फाय, ध्वनी, पडदा इ. चालतात की नाही ते समजते. कोणत्या विभागावर प्रणाली घालावयाची ही निवड सर्वांत जोखमीची होय, कारण तेथील जुना मजकूर परत मिळण्याची खात्री नसते. डिस्क ‘बिटलॉकर’ने कुलूपबंद असल्यास तिची पुनःप्राप्तिकळ आधीच लिहून ठेवावी लागते.

महत्त्व : १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे जगभरातील सु. ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले व विमानसेवा, रुग्णालये इ. विस्कळित झाली. जे संगणक सुरूच होत नव्हते त्यांपैकी अनेकांना दुरून दुरुस्त करणे शक्य नव्हते. त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने आरंभक पेनड्राइव्ह तयार करणारे साधन उपलब्ध करून दिले. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. टीपीएम २.० इ. अटी पूर्ण न करणाऱ्या लॅपटॉपांवर विंडोज ११ अधिकृतपणे घालता येत नाही. त्यांतील यंत्रणा सुस्थितीत असली, तर लिनक्स स्थापून ते उपयोगात ठेवता येतात. डेबियन या प्रणालीच्या स्थापनेसाठी मराठी भाषाही निवडता येते. शाळा, ग्रंथालये व मर्यादित उत्पन्नाची कुटुंबे यांच्या दृष्टीने जुना लॅपटॉप मोडीत न काढता पुन्हा चालता करण्याचे हे अल्पखर्चाचे साधन होय.