आधीचं सिझेरियन, आता कळा आणायच्या?

‘एकदा सिझेरियन, की कायम सिझेरियन’ हे न्यूयॉर्कच्या डॉ. एडविन क्रेगिन यांचं १९१६ मधलं वाक्य. तेव्हा गर्भाशयावर उभा छेद घेत. आज बहुधा खालच्या भागात आडवा छेद घेतात, आणि अशा निवडक स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्क्यांची पुढची प्रसूती नॉर्मल होऊ शकते. आधी एकदा नॉर्मल प्रसूती झाली असेल तर शक्यता आणखी वाढते.

भीती असते ती जुना व्रण उसवण्याची. कळा आपोआप सुरू झाल्या तर हे साधारण २०० पैकी एकीच्या बाबतीत घडतं. औषधानं आणल्या तर धोका दोन-तीन पट होतो. पूर्ण दिवस भरलेल्या अशा गर्भवतीला मिसोप्रोस्टॉलची गोळी देऊ नये. फुगा असलेली फोली नळी तुलनेनं सुरक्षित. ऑक्सिटोसिनचं सलाइन जपून, बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवून. तातडीचं ऑपरेशन आणि रक्त हाताशी नसेल तिथे हा प्रयत्न करूच नये.

पोटावरचा आडवा व्रण पाहून आतला छेद कळत नाही. म्हणून जुनं डिस्चार्ज कार्ड जपा, पहिल्याच तपासणीला दाखवा. छेद उभा होता असं त्यात असेल, तर ठरवून सिझेरियनच योग्य.