फाइलमार्ग, वेब सर्व्हरवरील

ब्राउझरकडून आलेल्या पत्त्यावरून संगणकाच्या साठ्यातील नेमकी फाइल शोधून काढणे आणि ती मागणाऱ्यास देण्याजोगी आहे किंवा नाही हे ठरविणे, या क्रियेत फाइलमार्गाची हाताळणी मोडते. चित्रे, नकाशे, शैलीपत्रके, छापील पुस्तकांच्या प्रतिमा इ. ज्या फाइली मागणीगणिक नव्याने तयार कराव्या लागत नाहीत, आहेत तशाच पाठविल्या जातात, त्यांना स्थिर फाइली म्हणतात. त्या देण्याचे काम वरकरणी अगदी साधे वाटते. तथापि गेल्या तीस वर्षांत वेब सर्व्हरमध्ये आढळलेल्या गंभीर दोषांपैकी कित्येक याच साध्या कामात निघाले आहेत.

पत्त्यातील मार्ग व साठ्यातील मार्ग या दोन भिन्न गोष्टी होत. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याचे उदाहरण घेतल्यास हा भेद सहज ध्यानात येतो. तालुक्याचे नाव मुळशी असले, तरी त्याचे मुख्य ठिकाण पौड आहे. मुळशी तालुक्याच्या कचेरीत जावयाचे म्हणजे पौडला जावयाचे, हे तेथील रहिवाशास सांगावे लागत नाही. त्याचप्रमाणे पत्त्यात ‘/नकाशे/माण/गावठाण’ असे लिहिलेले असले, म्हणजे सर्व्हरच्या तबकडीवर ‘नकाशे’ नावाचा फोल्डर असलाच पाहिजे, असे नाही. पत्त्यातील नावाचा साठ्यातील कोणत्या जागेशी संबंध जोडावयाचा, हे सर्व्हरच्या मांडणीत लिहून ठेवलेले असते. जमिनीच्या अभिलेखात जिल्हा, तालुका, गाव, गट क्रमांक आणि हिस्सा या क्रमाने खाली उतरत एका तुकड्यापर्यंत पोहोचता येते. फाइलमार्गही तसाच पायरीपायरीने उतरतो. मात्र अभिलेखात नसलेली एक सोय फाइलमार्गात आहे व तीच पुढील सर्व अनर्थांचे मूळ आहे : दोन टिंबे (..) लिहिली की एक पायरी वर चढता येते.

इतिहास : एकात एक सामावलेल्या फोल्डरांची रचना १९६० नंतरच्या दशकात मल्टिक्स या संगणक प्रणालीत पुढे आली. १९६९ पासून घडत गेलेल्या युनिक्स प्रणालीने ती उचलली व पायऱ्या वेगळ्या दाखविण्यासाठी तिरकी रेघ (/) रूढ केली. १९८३ मधील एमएस-डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, तेव्हा ही रेघ आज्ञांचे पर्याय दाखविण्यासाठी आधीच वापरात होती. म्हणून तेथे उलटी रेघ (\) घेण्यात आली. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधील सर्न या संस्थेत वेबची उभारणी केली, तेव्हा पत्त्यासाठी युनिक्सची रेघ स्वीकारली गेली. पत्त्याच्या रचनेचे नियम डिसेंबर १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. जानेवारी २००५ मधील सुधारित नियमांत टिंबांच्या पायऱ्या कशा वगळावयाच्या, याची कृती दिलेली आहे. एनसीएसए (१९९३), अपाचे (१९९५) व एंजिनएक्स (२००४) या सर्व्हरांनी पत्ता आणि फाइल यांची सांगड घालण्याच्या ज्या रीती पाडल्या, त्याच थोड्याफार फरकाने आज सर्वत्र दिसतात.

सर्वांत सोपी रीत अशी : साठ्यातील एक फोल्डर मूळ फोल्डर म्हणून नेमावयाचा, पत्त्यातील मार्ग त्याच्या पुढे जोडावयाचा आणि होणाऱ्या मार्गावरील फाइल पाठवावयाची. मूळ फोल्डर ‘/साठा/मुळशी’ असून मागणी ‘/चित्रे/धरण’ अशी आली, तर ‘/साठा/मुळशी/चित्रे/धरण’ ही फाइल दिली जाते. दुसऱ्या रीतीत पत्त्याचा आरंभीचा भाग काढून टाकून त्या जागी निराळाच फोल्डर बसविला जातो. एंजिनएक्समध्ये या दोन्ही रीतींसाठी स्वतंत्र आज्ञा आहेत व त्यांची गल्लत नवशिक्यांकडून हटकून होते. पहिल्या आज्ञेत संपूर्ण मार्ग जोडला जातो, तर दुसरीत जुळलेला भाग गळतो. यांपैकी एकीच्या जागी दुसरी वापरल्यास फोल्डराचे नाव दोनदा तरी येते किंवा एकदाही येत नाही आणि फाइल समोर असूनही सापडत नाही.

फाइल न सापडण्याचे याहून नेहमीचे कारण म्हणजे सापेक्ष मार्ग. कार्यक्रमात ‘./चित्रे’ असे लिहिले असता तो मार्ग कार्यक्रमाच्या फाइलीपासून मोजला जाईल, अशी लिहिणाऱ्याची समजूत असते. वास्तविक तो कार्यक्रम ज्या फोल्डरात उभे राहून सुरू केला, तेथून मोजला जातो. प्रोग्रामर स्वतःच्या यंत्रावर योग्य फोल्डरातून कार्यक्रम चालवितो, त्यामुळे सारे ठीक दिसते. लिनक्स सर्व्हरवर तोच कार्यक्रम यंत्रसेवा म्हणून आपोआप सुरू झाला की चालू फोल्डर बहुधा अगदी मुळाचा (/) असतो आणि एकही चित्र दिसत नाही. मुळशी तालुक्यातील हिंजवडी, माण व मारुंजी या गावांच्या परिसरात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने वसविलेल्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानात नव्याने कामास लागलेल्या प्रोग्रामरला हा अनुभव न येता, तर नवल. यावर उपाय एकच : कार्यक्रमाच्या फाइलीचे स्वतःचे स्थान विचारून घ्यावे आणि त्यापासून पूर्ण मार्ग बांधावा.

मार्गाच्या शेवटी येणारी तिरकी रेघही उपेक्षणीय नाही. ‘/मुळशी/माण’ या पानावरील ‘नकाशा’ हा सापेक्ष दुवा ब्राउझर ‘/मुळशी/नकाशा’ असा सोडवितो; पान ‘/मुळशी/माण/’ असे उघडले असेल, तर तोच दुवा ‘/मुळशी/माण/नकाशा’ असा सुटतो. म्हणून मागितलेली वस्तू फोल्डर असल्यास पुष्कळ सर्व्हर आधी ब्राउझरला रेघ असलेल्या पत्त्यावर पाठवितात व मगच त्यातील आरंभपान देतात.

मूळ फोल्डराबाहेर जाण्याचा धोका : ‘/साठा/मुळशी’ या मूळ फोल्डराच्या पुढे ‘/../खाजगी/वेतन’ अशी मागणी जोडली, तर होणारा मार्ग ‘/साठा/खाजगी/वेतन’ या फाइलीवर जाऊन पोहोचतो. ती फाइल वाचण्याची परवानगी सर्व्हरला असेल, तर जगातील कोणाही व्यक्तीस ती मिळते. सांकेतिक शब्द, विदागाराच्या किल्ल्या, नागरिकांची कागदपत्रे अशा वाटेने बाहेर जाऊ शकतात. हा दोष ब्राउझरमध्ये पत्ता टाकून तपासू पाहणाऱ्यास आढळत नाही. कारण ब्राउझर दोन टिंबांच्या पायऱ्या मागणी पाठविण्यापूर्वीच गाळून टाकतो. हल्लेखोर अर्थातच ब्राउझर वापरीत नाही.

मार्गातून ‘..’ ही अक्षरे शोधून पुसून टाकावीत, हा प्रथम सुचणारा उपाय निरुपयोगी ठरतो. पत्त्यात कोणतेही चिन्ह टक्काचिन्ह व त्यापुढे षोडशमान पद्धतीतील दोन अंक अशा सांकेतिक रूपात लिहिता येते. टिंबाचा क्रमांक ४६ व तिरक्या रेघेचा ४७ आहे. त्यांची ही रूपे तपासणाऱ्याच्या नजरेस टिंब वा रेघ म्हणून दिसत नाहीत आणि तपासणीनंतर त्यांचा उलगडा होतो. शिवाय टक्काचिन्ह स्वतःही सांकेतिक रूपात लिहिता येत असल्यामुळे दोनदा उलगडा करणारा सर्व्हर एका तपासणीस चकवितो. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या सर्व्हरात २००० साली असाच दोष उघडकीस आला. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत तिरक्या रेघेला एक अष्टक पुरते. तीच रेघ नियमबाह्य रीतीने दोन अष्टकांत लांबवून लिहिली, तर तपासणी तिला ओळखत नसे, फाइल उघडणारा भाग मात्र ओळखत असे. मे २००१ मध्ये दुहेरी उलगड्याचा दोषही जाहीर झाला. दोहोंवर दुरुस्त्या उपलब्ध असूनही त्या न बसविलेल्या सर्व्हरांमधून १८ सप्टेंबर २००१ रोजी निमडा हा संगणकीय जंतू जगभर पसरला.

हा इतिहास जुना झाला असे समजण्याचे कारण नाही. अपाचेच्या सप्टेंबर २०२१ मधील २.४.४९ या आवृत्तीत मार्ग सरळ करण्याच्या भागात फेरफार करण्यात आला. त्यात एक टिंब साधे व दुसरे सांकेतिक असे लिहिल्यास ती जोडी ओळखली जात नसे. मूळ फोल्डराबाहेरील फाइलींना स्पष्ट मज्जाव केलेला नसल्यास त्या वाचता येत. ऑक्टोबरच्या आरंभी २.४.५० ही दुरुस्ती आली. ती दुहेरी सांकेतिक रूपापुढे अपुरी पडली आणि काही दिवसांतच २.४.५१ काढावी लागली. पंचवीस वर्षे मुरलेल्या, असंख्य जाणकारांनी वाचलेल्या कार्यक्रमाची ही गोष्ट आहे.

योग्य क्रम पुढीलप्रमाणे असतो. सांकेतिक रूपाचा उलगडा एकदाच करावा. त्यात शून्य क्रमांकाचे चिन्ह किंवा नियमबाह्य अष्टके आढळल्यास मागणी नाकारावी. मार्ग मूळ फोल्डरास जोडून टिंबे व प्रतीकात्मक दुवे यांसह पूर्णपणे सोडवावा. आणि आलेले उत्तर मूळ फोल्डरातच आहे याची खात्री करून मगच फाइल उघडावी. खात्री करण्याच्या पायरीवरही एक सापळा आहे. उत्तराचा आरंभ ‘/साठा/माण’ या अक्षरांनी होतो एवढेच पाहिले, तर ‘/साठा/माणगाव’ हा सर्वस्वी वेगळा फोल्डरही तपासणीतून सुटतो. माण हे मुळशीतील गाव व माणगाव हे ताम्हिणी घाटापलीकडील रायगड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. आरंभीची अक्षरे सारखी म्हणून त्यांना एक मानण्यासारखेच हे आहे. तुलना नेहमी पुढील तिरक्या रेघेसह करावी लागते. एंजिनएक्समध्ये बदली-फोल्डर नेमताना पत्त्याच्या भागापुढील रेघ विसरल्यास याच जातीची फट राहते : ‘/नकाशे’ या नियमात ‘/नकाशे../खाजगी’ ही मागणीही बसते आणि ती एक पायरी वर जाते.

तपासणी व उघडणे यांच्यामधील क्षणात कोणी दुवा बदलला, तर ही सर्व दक्षता व्यर्थ होते. म्हणून हे काम कार्यक्रमावर न सोपविता प्रणालीच्या गाभ्याकडे द्यावे, असा अलीकडचा कल आहे. लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत (२०२०) दिलेल्या फोल्डराखालीच मार्ग सोडविण्याची सक्ती करणारी आज्ञा आली व गो या भाषेच्या १.२४ आवृत्तीत (२०२५) तशीच सोय देण्यात आली. टिंबाने आरंभ होणाऱ्या लपविलेल्या फाइली मूळ फोल्डराच्या आतच असतात, त्यामुळे त्यांना या उपायांचे संरक्षण मिळत नाही. त्यांना वेगळा मज्जाव करावा लागतो.

देवनागरी नावे : मराठी नावांच्या फाइलींबाबत आणखी एक प्रश्न उद्भवतो व त्याची चर्चा इंग्रजी पाठ्यपुस्तकांत क्वचितच असते. ‘मुळशी’ या शब्दात युनिकोडची पाच चिन्हे असून यूटीएफ-८ मध्ये त्यांतील प्रत्येकास तीन, म्हणजे एकूण १५ अष्टके लागतात. पत्त्यातील सांकेतिक रूपात त्यांची ४५ चिन्हे होतात. लिनक्सवरील प्रचलित साठापद्धतीत नावास २५५ अष्टकांची मर्यादा असते, त्यामुळे देवनागरी नाव ८५ चिन्हांपलीकडे जाऊ शकत नाही. एखाद्या ठरावाचे किंवा परिपत्रकाचे संपूर्ण शीर्षकच फाइलीस देण्याची जी सवय दिसते, ती येथे अडते.

खरी पंचाईत मात्र एकच शब्द अनेक रीतींनी लिहिला जाण्यात आहे. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र तीन प्रकारे साठविता येतो : ऱ हे स्वतंत्र चिन्ह व हलन्त, र, नुक्ता व हलन्त, किंवा र, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही रूपे एकसारखी उमटतात. पहिल्यात १५, तर उरलेल्या दोहोंत १८ अष्टके असतात. लिनक्सची साठापद्धती सामान्यतः अष्टकेच पाहते, म्हणून तिच्या दृष्टीने या तीन निरनिराळ्या फाइली होत. मॅक संगणकाच्या एचएफएस प्लस या जुन्या साठापद्धतीत नावे विघटित रूपात ठेवली जात. तेथून लिनक्स सर्व्हरवर चढविलेली ‘ताम्हिणीच्या दऱ्या’ ही फाइल डोळ्यांना दिसते, पण विंडोजवर टंकलिखित केलेल्या दुव्यावरून सापडत नाही. युनिकोडच्या प्रमाणित रूपात नाव बदलून घेतल्यास पहिली दोन रूपे एक होतात. तिसरे वेगळेच राहते व त्याची दखल स्वतंत्रपणे घ्यावी लागते. आकड्यांचेही तसेच : गट क्रमांक ‘१२’ व ‘12’ यांत वाचकास भेद वाटत नाही, सर्व्हरास तो वाटतो. पिरंगुट–पिरंगूट, हिंजवडी–हिंजेवाडी अशा दुहेरी लेखनाची यात भर पडते. रोमन लिपीत नावे ठेवून हा प्रश्न टाळला, तर तेथे लहान व मोठ्या अक्षरांचा भेद पुढे येतो; विंडोजवर तो सामान्यतः मानला जात नाही, लिनक्सवर मानला जातो. बहुतेक व्यवस्थापक अखेरीस फाइलीस केवळ क्रमांक देतात व मराठी नाव विदागारात ठेवतात. सोयीच्या दृष्टीने हे बरोबर असले, तरी पत्ता वाचून त्यामागे काय आहे हे कळण्याचा गुण त्यात नाहीसा होतो.

हलविलेल्या फाइली : मुळा नदीवरील धरणामुळे १९२० नंतरच्या दशकात मुळशी खोऱ्यातील अनेक गावे पाण्याखाली गेली, गावकऱ्यांनी पांडुरंग महादेव तथा सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली केलेला सत्याग्रह प्रसिद्ध आहे. त्या गावांचे पत्ते जुन्या कागदांत तसेच राहिले. फाइलींच्या बाबतीतही जुना पत्ता इतरांच्या पानांवर व ग्रंथांच्या टिपांत दीर्घकाळ टिकतो. फाइल नव्या जागी गेली असल्यास सर्व्हरने ३०१ हा संकेतांक व नवा पत्ता द्यावा. ती कायमची काढून टाकली असल्यास ४१० द्यावा. जिचा ठावठिकाणाच नाही, तिच्यासाठी ४०४ राखून ठेवावा. मज्जाव असलेल्या फाइलीसाठी ४०३ हा संकेतांक आहे. परंतु अशी फाइल अस्तित्वात आहे हेही कळू नये असे वाटत असल्यास तेथेही ४०४ देण्याची मुभा नियमांत आहे.