स्नायुशोथ, फुप्फुसविकार व गर्भारपण

शरीराच्या प्रतिरक्षा यंत्रणेने स्वतःच्याच ऐच्छिक स्नायूंवर आघात केल्यामुळे त्यांत होणाऱ्या दाहयुक्त सुजेस आत्मप्रतिरक्षाजन्य स्नायुशोथ म्हणतात. बहुस्नायुशोथ व त्वचास्नायुशोथ हे त्याचे परिचित प्रकार होत. हा विकार विरळा असून पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. खांदे व नितंब यांलगतचे स्नायू दुर्बल झाल्याने केस विंचरणे, जिना चढणे किंवा जमिनीवरून उठणे कठीण होते. पुष्कळ रुग्णांत फुप्फुसातील वायुकोशांच्या भित्तींतही शोथ होऊन त्या जाड व ताठर बनतात. रक्तात जो-१ प्रतिपिंड असल्यास हा उपद्रव वारंवार आढळतो. एमडीए-५ प्रतिपिंड असल्यास तो काही आठवड्यांतच प्राणघातक ठरू शकतो.

निदान : गर्भारपणात ऑक्सिजनाची गरज सु. २० टक्क्यांनी वाढते व वाढते गर्भाशय मध्यपटलास वर ढकलते. त्यामुळे निरोगी गर्भवतीसही थोडी धाप लागते आणि रोगजन्य धाप दुर्लक्षिली जाण्याचा धोका असतो. कोरडा खोकला व चालताना रक्तातील ऑक्सिजनाचे प्रमाण घटणे ही धोक्याची लक्षणे होत. श्वसनक्षमतेची चाचणी निर्धोक असते. छातीच्या क्ष-किरण तपासणीत गर्भापर्यंत अत्यल्प प्रारण पोहोचत असल्याने जरूर असल्यास ती टाळू नये. ट्रान्सअमिनेज एंझाइमे स्नायूंतूनही रक्तात येत असल्याने यकृतविकाराचा चुकीचा संशय येऊ शकतो. अशा वेळी क्रिआटिन कायनेजाचे मापन उपयुक्त ठरते.

चिकित्सा : औषधांच्या भीतीने उपचार बंद करणे हे माता व गर्भ या दोहोंस अनेकदा औषधांपेक्षा अधिक घातक असते, रोग उफाळल्यास गर्भपात, अकालप्रसूती व गर्भाची वाढ खुंटणे यांचा संभव वाढतो. प्रेडनिसोलोनाचा बराचसा भाग अपरेतील एंझाइमामुळे निष्क्रिय होत असल्याने गर्भास त्याचा अल्पांशच मिळतो. तथापि मोठ्या मात्रेमुळे मातेस मधुमेह व रक्तदाबवाढ होऊ शकते, म्हणून मात्रा शक्य तितकी कमी ठेवतात. ॲझाथायोप्रीन व टॅक्रोलिमस ही औषधे गर्भारपणात देता येतात. तीव्र विकारात शिरेवाटे इम्युनोग्लोब्युलीन देतात. मिथोट्रेक्सेट व मायकोफिनोलेट यांमुळे गर्भात व्यंगे निर्माण होत असल्याने ती गर्भधारणेपूर्वीच बंद करून पर्यायी औषध सुरू करावे लागते. सायक्लोफॉस्फामाइडही गर्भास घातक असून मातेचा जीव धोक्यात असेल, तरच पहिल्या तिमाहीनंतर त्याचा विचार होतो. रोग सु. सहा महिने आटोक्यात राहिल्यानंतर गर्भधारणा होणे हितावह असते. फुप्फुसांची कार्यक्षमता फारच घटलेली असल्यास किंवा फुप्फुस रोहिणीतील रक्तदाब वाढलेला असल्यास गर्भधारणा टाळण्याचा सल्ला देतात.

प्रसूती : गर्भाशयाचे स्नायू अनैच्छिक असल्याने त्यांचे आकुंचन सामान्यतः अबाधित राहते, मात्र कळा देण्यास लागणारे पोटाचे स्नायू दुर्बल असल्यास साहाय्यक उपकरणांची गरज पडू शकते. नैसर्गिक प्रसूती पुष्कळदा शक्य असते. प्रसूतीनंतरही रोग उफाळू शकत असल्याने देखरेख चालू ठेवतात. प्रेडनिसोलोन व ॲझाथायोप्रीन घेत असताना मातेस स्तनपान देता येते.