खाज, गाठ आणि ॲलर्जीची गोळी

सोयाबीनच्या काढणीत सेनगाव परिसरात अंगाला खाज सुटली तर कोणी घाबरत नाही. मेडिकलमधून सेट्रिझिन आणायची, रात्री घ्यायची, सकाळी बरे वाटते. बहुतेक वेळा गोष्ट तिथेच संपते. पण अंगावर पुरळ नसताना खाज आठवडे उलटूनही जात नसेल, सोबत मानेत, काखेत किंवा जांघेत न दुखणारी गाठ, रात्री कपडे भिजवणारा घाम, ताप किंवा घटते वजन असेल, तर गोळी बदलत बसू नका. हा लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर असू शकतो.

यातला हॉजकिन हा प्रकार थॉमस हॉजकिन या इंग्रज डॉक्टरांनी १८३२ मध्ये प्रथम मांडला. त्यातल्या खाजेवर ॲलर्जीच्या गोळीचा अनेकदा फारसा उपयोग होत नाही. मूळ आजारावर इलाज सुरू झाला की खाजही ओसरते.

खाजेसाठी कधी स्टेरॉइडही दिले जाते. त्याने गाठ काही दिवस लहान होते, घरच्यांना हायसे वाटते, पण तपासणीत आजार नीट ओळखू येत नाही. मानेतली गाठ टीबीचीच, असेही परस्पर ठरवू नये. गाठीचा तुकडा तपासल्यावरच खरे कळते.

इलाजात मात्र हीच ॲलर्जीची औषधे कामाची ठरतात. लिम्फोमाच्या अनेक रुग्णांना रिटुक्सिमॅब सलाईनमधून देतात. त्याने थंडी, ताप, पुरळ, दम लागणे असे त्रास होऊ शकतात, विशेषतः पहिल्या वेळी. म्हणून आधी पॅरासिटामॉल आणि एव्हिलसारखे इंजेक्शन देतात. तरीही घसा आवळला किंवा धाप लागली तर संकोच न करता लगेच नर्सला सांगा. या औषधाने झोप येते. परतताना रुग्णाने मोटारसायकल चालवू नये, सोबत कोणीतरी असावे.

सर्वांत मोठी चूक घरी होते. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी खूप कमी होतात. तेव्हा नाक वाहते म्हणून सर्दीची गोळी घेतली, तर तिच्यातल्या पॅरासिटामॉलने ताप दबतो आणि आतला संसर्ग वाढत राहतो. आधी ताप मोजा. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

हिंगोली, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जाताना घरातली प्रत्येक गोळी, अगदी खाजेची आणि झोपेचीसुद्धा, पिशवीत घालून न्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात, म्हणून रेशनकार्ड आणि आधारकार्डही सोबत ठेवा. अब्बा म्हणतील, “एवढीशी गोळी, डॉक्टरांना काय दाखवायची?” तरीही दाखवा.